पंख्याशिवायचा संगणक, तंबोऱ्यासकट गाणं



मोबाईल असताना गाण्यासाठी वेगळा संगणक कशाला, असं बरेच जण मला विचारतात. ख्यालगायनात तंबोरा सतत वाजतो, पण हळू. संगणकाचा पंखा घरघरला की आधी तोच बुडतो. म्हणून मी जोडलेल्या संगणकात पंखा नाही, फिरणारी हार्ड डिस्कही नाही; एसएसडी आहे. प्रोसेसर कमी वीज खाणारा, त्याची उष्णता अ‍ॅल्युमिनियमची पेटीच बाहेर टाकते. आपल्या सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा पेटीभोवती मोकळी जागा हवीच.

सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. एमपीथ्री त्यातला काही तपशील कायमचा टाकून देते. फ्लॅक फाईल जवळपास निम्म्या जागेत मावते, पण काहीच गाळत नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या पहिल्या गणेशोत्सवातल्या भजनाची कॅसेट माझ्याकडे आहे. त्यात गाणारे तिघं जण आज आपल्यात नाहीत. फीत वर्षागणिक खराब होते. ती मी फ्लॅकमध्ये उतरवून ठेवली आहे. तुमच्याही माळ्यावर घरच्यांच्या आवाजाच्या कॅसेट असतील, तर आणून द्या. उतरवून देईन. पैसे नकोत, चहा चालेल.