जखमा धुणारे हात

आमच्या वाचनाच्या बैठकीत सध्या एका सैनिकाच्या आठवणींचं पुस्तक चाललं होतं. पुस्तक इंग्रजी, म्हणून आमच्यातल्या शिक्षिकाबाई एकेक प्रकरण वाचून मराठीत सांगायच्या. आमच्यात वारीला जाणाऱ्या आहेत, रविवारी चर्चला जाणाऱ्याही आहेत. ऐकताना सगळ्याच गप्प झालो, म्हणून आज तुम्हालाही सांगतो.

सैनिकाचं नाव अर्नेस्ट गॉर्डन. स्कॉटलंडचा तरुण अधिकारी. १९४२ साली सिंगापूर पडलं. तो शिडाच्या होडीतून श्रीलंकेकडे निघाला, पण समुद्रातच जपान्यांच्या हाती लागला. त्या वेळी थायलंड ते ब्रह्मदेश असा सुमारे ४१५ किलोमीटरचा रेल्वेमार्ग जपानी सैन्य कैद्यांकडून बांधून घेत होतं. त्यात १२ हजारांहून जास्त युद्धकैदी मेले. मलायातून नेलेले तमिळ आणि इतर आशियाई मजूर तर त्याहून कितीतरी जास्त मेले.

चुंगकाईच्या छावणीत गॉर्डनला मलेरिया, आमांश, घटसर्प असं सगळं एकदम झालं. पायांतली ताकद गेली, पायांवर जखमा चिघळल्या. मरायला टाकलेल्यांच्या झोपडीत तो पडून होता. देवाधर्माशी त्याचं फारसं देणंघेणं नव्हतं.

तिथून मित्रांनी त्याला बाहेर काढलं, बांबूची छोटी खोपी बांधून दिली. डस्टी मिलर आणि डिंटी मूर हे दोन साधे सैनिक आळीपाळीने त्याच्याजवळ थांबू लागले. जखमा धुवायच्या, पाय चोळायचे, घास भरवायचा. दोघांचे ख्रिस्ती पंथ वेगळे, पण सेवा एकच. हळूहळू गॉर्डन उभा राहिला, चालू लागला. कुणाच्या प्रवचनाआधी त्या हातांनीच त्याला येशूची ओळख करून दिली. पुढे छावणीत तो इतरांसोबत बायबल वाचू लागला. सुटकेनंतर तो धर्मगुरू झाला आणि अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या चर्चचा प्रमुख म्हणून त्याने अनेक वर्षं काम केलं. हे पुस्तक १९६२ साली आलं.

डस्टी आणि डिंटी मात्र युद्धातून परतले नाहीत. श्रद्धेने मरण टळतं, असं हे पुस्तक सांगत नाही. कैदेच्या शेवटी एका स्थानकावर जखमी जपानी सैनिकांची गाडी दिसली. त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं. गॉर्डन आणि त्याच्या सोबत्यांनी आपल्या वाटचं अन्नपाणी त्यांना दिलं, त्यांच्या जखमा धुतल्या. त्यांच्यातलेच काही जण रागावले, शत्रूची सेवा कसली म्हणून.

इथे आमच्यातली एकजण रडू लागली. तिच्या सासूबाई अर्धांगाने तीन वर्षं अंथरुणावर आहेत. ती म्हणाली, "हे काम मी रोजच करते. घरात त्याला कुणी काम म्हणत नाही. पाठ भरून येते, पण दुसरा हात लागत नाही."

आम्हाला तेव्हा जाणवलं, जखमा धुणारे ते हात पुरुषांचे होते, बंदूक धरणाऱ्यांचे होते. आणि त्या नरकातसुद्धा दोघांनी पाळी वाटून घेतली होती.

म्हणून मैत्रिणींनो, आज जेवताना घरात ही गोष्ट सांगा. मुलग्यांना आणि मालकांनाही ऐकवा. मग विचारा, उद्या सकाळची पाळी कुणाची?