अवकाशातील काजळी



माझा विषय अवकाश पर्यटनाचा. पण सुरुवात काजळीपासून करतो. कंदिलाच्या काचेवर धरलेली काजळी फडक्याने पुसता येते. हवेतली काजळी पाऊस धुऊन काढतो. आज ज्या काजळीविषयी बोलायचे आहे, ती मात्र पावसाच्या वर साचते.

२००१ साली डेनिस टिटो पैसे भरून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात गेले. २०२१च्या जुलैत रिचर्ड ब्रॅन्सन आणि जेफ बेझोस नऊ दिवसांच्या अंतराने आपापल्या कंपन्यांच्या यानांतून वर जाऊन आले. बेझोस यांची फेरी जेमतेम दहा मिनिटांची होती. ही दृश्ये मीही वर्गात कौतुकाने दाखवली. धुराविषयी एक शब्द बोललो नाही. ती चूक आज दुरुस्त करतो.

बेझोस यांच्या यानात द्रवरूप हायड्रोजन जळतो आणि मुख्यतः वाफ निघते. ब्रॅन्सन यांच्या यानात रबरासारखे घन इंधन जळले, त्याची काजळी झाली. फाल्कन रॉकेटातल्या केरोसिनचीही होते. रॉकेट ही काजळी थेट स्थितांबरात सोडते. ओझोनचा थर तिथेच आहे. तिथे पाऊस नाही, म्हणून काजळी वर्षानुवर्षे तरंगते आणि उन्हाची उष्णता शोषते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२२ मध्ये हिशेब मांडला: जमिनीवरून आणि विमानांतून निघणाऱ्या तेवढ्याच काजळीपेक्षा रॉकेटची काजळी सुमारे ५०० पट अधिक तापमानवाढ करते.

एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, उड्डाणे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मग एवढी काळजी का?” प्रश्न रास्त आहे. आज हा भार लहानच आहे. पण जे पर्यटन रोजचे व्हावे अशी कंपन्यांची इच्छा आहे, त्याचे नियम ते रोजचे होण्याआधी ठरलेले बरे. ओझोनसाठी १९८७चा मॉन्ट्रियल करार झाला, तो नुकसान दिसू लागल्यावर. रॉकेटच्या धुरावर असे आंतरराष्ट्रीय बंधन अजून नाही.

आपण भाषेची माणसे. ‘हरित उड्डाण’ असे शब्द जाहिरातींतून आपल्या पाठांत आणि लेखांत येतील, तेव्हा आपण विचारावे: इंधन कोणते, ते कशापासून बनवले, काजळी किती? हायड्रोजनही बहुतांशी नैसर्गिक वायूपासूनच काढला जातो, हेही मुलांना सांगावे.

मराठीत ‘अवकाश’ म्हणजे अंतराळ, आणि ‘अवकाश’ म्हणजे हाती असलेला वेळही. पहिल्या अवकाशाची काळजी घ्यायला दुसरा अवकाश अजून आहे. तो फार नाही.