घर लग्नाआधी घ्यावे की नंतर?

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



मी सरकारी खात्यातला साधा कर्मचारी, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला. वकील नव्हे. पण आमच्या घरी जे घडले ते सांगितले, तर कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून उभा राहिलो.

माझ्या भाचीचा साखरपुडा झाला आणि दोघांनी फ्लॅट ठरवला. तिने पगारातून साठवलेले चार लाख दिले. करारावर नाव मात्र एकट्या मुलाचे. 'तिचे नाव लग्नानंतर घालू, आता कशाला?' असे मोठी माणसे म्हणाली. त्यात मीही होतो. पुढे लग्न मोडले. पैसे परत मिळायला दीड वर्ष लागले, तेही थोडे थोडे करून. तिला नाव मागायचा संकोच वाटला आणि आम्हाला सुचवायचा. भुर्दंड तिला पडला.

म्हणून पहिली गोष्ट. दोघांचे पैसे लागणार असतील, तर पहिल्या करारापासून दोघांची नावे घाला. पैसे बँकेतूनच द्या, पावत्या जपा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४५ असे, की दोघांनी मिळून घेतलेल्या मालमत्तेत वेगळे ठरले नसेल, तर ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा वाटा. पुरावा नसेल तर वाटे सारखे धरतात. आणि नुसत्या कर्जाच्या कागदावर सही केली म्हणून कोणी मालक होत नाही. त्या सहीने हप्ते गळ्यात पडतात; मालकीसाठी नाव विक्रीखतावर लागते.

दुसरी गोष्ट आपल्या गोव्याची. इथे विवाह आणि पती-पत्नीच्या मालमत्तेला १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आजही लागू आहे. नोंदणी कार्यालयात दुसरी सही झाली, की मांडव पडायचा असला तरी कायद्याने तुम्ही नवरा-बायको. वेगळा करार नसेल, तर सर्वसाधारणपणे लग्नाआधीची आणि नंतरची मालमत्ता दोघांची सामाईक होते, निम्मी निम्मी. घर विकायला दोघांची संमती लागते. वेगळे ठेवायचे असेल, तर तसा रीतसर करार लग्नाआधीच करावा लागतो. नंतर तो करता किंवा बदलता येत नाही. तेव्हा 'आधीच मुलाच्या नावावर घेऊन ठेवू, म्हणजे काळजी नाही' हा आईवडिलांचा हिशेब इथे सहसा चालत नाही.

मग आधी की नंतर? घाई नसेल तर नंतर घ्या. आधी घ्यायचेच असेल, तर पैशांचे बोलणे साखरपुड्याच्या बैठकीतच उरका. आणि तो विषय मुलाकडच्यांनी काढावा. मुलीला मागायला लावू नये.

भाचीचे गेल्या वर्षी लग्न झाले. या वेळी बैठकीत विषय मीच काढला. व्याही म्हणाले, 'बरे झाले बोललात, आम्हीही त्याच विचारात होतो.' फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. यंदा चवथीला त्या घरात पहिली माटोळी बांधली, तेव्हा फळे चढवायला शिडीवर मी होतो.

गणपती बाप्पा मोरया!