शिंद्यांची पलटण, 28 मिलिमीटरची

आज आपण असईच्या लढाईचं सैन्य बनवतोय. 23 सप्टेंबर 1803. वेलस्लीचे गोरे शिपाई पाकिटात तयार मिळतात. शिंद्यांचं सैन्य म्हणून मात्र टेबलावर बऱ्याचदा तलवारी उपसलेला घोळका उभा केला जातो. अरे, त्यांच्या पलटणी कवायती होत्या! त्यांच्या तोफांनी इंग्रजांची जबर हानी केली.

म्हणून जुगाड असा: बंदूक धरलेलं युरोपियन धड घ्या, त्यावर दुसऱ्या सेटमधलं पागोट्याचं डोकं बसवा.

पण कापायच्या आधी दोन्ही आकृत्या शेजारी उभ्या करा. पाकिटावर दोघांच्याही 28 मिमी लिहिलेलं असतं. पण कुणी तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतं, कुणी डोक्याच्या टोकापर्यंत. म्हणजे दोनेक मिलिमीटरचा फरक. त्यात काही कंपन्या डोकी-हात मुद्दाम मोठे करतात. मग पलटण भोपळ्यांची दिसते! उंची थोडी कमीजास्त चालते, डोक्याचा आकार नाही.

जुळलं की मान कापा, सुपरग्लू लावा, फट एम-सीलने बुजवा. आधी एकच शिपाई करून हातभर लांबून बघा. पटला, तरच बाकीचे कापा.

पुढच्या भागात रंगकाम. भेटूच!