पहारा उठत नाही तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शौचातून रक्त पडू लागले की आपल्याकडे पहिले निदान घरातच होते : मूळव्याध. मग कोणी सुरण खायला सांगतो, कोणी ताक प्यायला, तर कोणी गावच्या वैद्यांचा पत्ता देतो. बऱ्याचदा ती मूळव्याधच असते, हेही खरे. पण रक्ताबरोबर आव पडत असेल, दिवसातून आठ-दहा वेळा धावावे लागत असेल, रात्री झोपेतून उठावे लागत असेल आणि हे महिनोन् महिने चालले असेल, तर दुखणे वेगळे असू शकते. मोठ्या आतड्याच्या अस्तराला कायमचा दाह जडतो, त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. क्रोन्स डिसीज हा त्याचा भाऊबंद. आमच्या शिक्षणाच्या काळात हे पाश्चात्त्यांचे रोग मानले जात. २००३ साली पंजाबमधली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात लाखामागे सुमारे ४४ जणांना कोलायटिस आढळला आणि तो समज मागे पडला.

या रोगात कोणताही एक जंतू सापडत नाही. मग आतडे कोणाशी लढत असते?

आपल्या आतड्याचे अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचे. त्याच्या एका बाजूला अब्जावधी जिवाणू, दुसऱ्या बाजूला आपले रक्त. म्हणून शरीराने प्रतिकारपेशींचा फार मोठा फौजफाटा तिथेच ठेवला आहे. या पहारेकऱ्यांचे खरे कसब लढण्यात नाही, न लढण्यात आहे. रोजचे जेवण आणि रोजचे जिवाणू यांच्यावर तुटून पडायचे नाही, हे त्यांना कळावे लागते. ते सांगणाऱ्या पेशींना नियामक टी-पेशी म्हणतात. जपानचे शिमॉन साकागुची यांनी १९९५ साली त्या दाखवून दिल्या. त्यांच्याबरोबर मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच विषयासाठी. या पेशींचे जनुक जन्मतःच बिघडलेले असेल, तर त्या बाळाला अगदी लहान वयात न थांबणारे जुलाब लागतात. लगाम सुटला की आतड्याचे काय होते, हे यावरून समजते.

कोलायटिसमध्ये हा लगाम पूर्ण तुटत नाही, पण पुरा पडत नाही. रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात आणि जंतू मारण्याची जहाल रसायने सोडतात. भक्षक पेशी टीएनएफ नावाचे प्रथिन सोडून आणखी कुमक बोलावतात. साध्या जखमेत हे सगळे काही दिवसांत आवरते. इथे पहारा उठतच नाही.

आता कर्करोगाकडे येऊ. ती जहाल रसायने जंतू आणि आपली पेशी असा भेद करत नाहीत, आतल्या डीएनएलाही इजा करतात. आतड्याचे अस्तर एरवीही चार-पाच दिवसांत नवे होते. दाहात तर डागडुजीसाठी पेशी आणखी घाईने विभागतात, आणि घाईत चुका होतात. पी-५३ नावाचे राखणदार जनुक मोठ्या आतड्याच्या नेहमीच्या कर्करोगात बहुधा उशिरा बिघडते, इथे ते फार लवकर बिघडते. गंमत पाहा, टीएनएफ या नावाचा अर्थच मुळी ‘गाठ मारणारा घटक’ असा आहे. १९७५ साली तो त्याच गुणामुळे ओळखला गेला. पण वर्षानुवर्षे पाझरत राहिला, तर तोच बिघडलेल्या पेशींना जगायला मदत करतो. आणि ज्या नियामक पेशी कमी पडल्या म्हणून आपण हळहळलो, त्यांनाच अनेक कर्करोगांच्या गाठी स्वतःभोवती जमवून संरक्षण मिळवतात!

घाबरवण्याचा हेतू नाही. २००१ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात कोलायटिस झाल्यावर कर्करोगाची शक्यता दहा वर्षांनी शंभरात दोन, वीस वर्षांनी आठ आणि तीस वर्षांनी अठरा अशी निघाली. नंतरच्या अभ्यासांत हे आकडे बरेच खाली आले. उपचार आणि तपासण्या सुधारल्या, हे त्याचे एक कारण मानले जाते. टीएनएफला अडवणारी इंजेक्शने १९९८ पासून या रोगांत वापरात आली. आपल्याकडे मात्र ती देण्याआधी क्षयाची तपासणी करावीच लागते, कारण शरीरात दबून बसलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचे कामही टीएनएफच करतो.

माझे खरे भांडण आहे ते ‘आता बरे वाटतेय’ या वाक्याशी. रक्त थांबले की रुग्ण गोळ्या बंद करतो. रक्त थांबते, पण अस्तरातला दाह अनेकदा धुमसत राहतो, आणि तो दुखत नाही. म्हणूनच मोठ्या आतड्याचा बराचसा भाग सुजलेला असेल, तर आजार सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करायची आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने करत राहायची. इथले बिघाड पुष्कळदा सपाट असतात, गाठीसारखे वर येत नाहीत. रंग फवारून ते शोधावे लागतात, ठिकठिकाणचे तुकडे तपासावे लागतात.

माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकाबाईंना सहा वर्षे काही त्रास नव्हता. “डॉक्टर, मला काही होतच नाही, मग कशाला ते पोट साफ करायचं औषध?” असे म्हणत त्यांनी दोन वेळा तपासणी टाळली. तिसऱ्या वेळी मुलाने जबरदस्तीने आणले. नखाएवढ्या सपाट जागेतल्या पेशी बिघडलेल्या निघाल्या. कर्करोग झालेला नव्हता. तेवढा भाग दुर्बिणीतूनच काढता आला. आता दिवाळीची सुट्टी लागली की त्यांचाच फोन येतो, “यंदा कोणत्या तारखेला येऊ?”