नावातील रंग आणि प्राण्याचे कुळ
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



'प्राण्यांचे वर्गीकरण' या पाठाविषयी चार शब्द बोलावेत, अशी सूचना मला मिळाली. विषय मोठा असल्यामुळे त्यातील एक लहानसा भागच मी आज घेणार आहे. ज्या प्राण्यांच्या नावातच रंग आहे, त्यांचे गट मुलांकडून कसे पाडून घ्यावेत, एवढाच तो भाग होय. आरंभी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. कारण हा पाठ मी तिच्यापासूनच शिकलो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी विदर्भातील जंगलाकाठच्या एका गावी माझी नेमणूक झाली होती. चौथीच्या चाचणीत मी 'नीलगाय या प्राण्याची माहिती लिहा' असा प्रश्न घातला. एका मुलाने उत्तराची जागा कोरी ठेवली. विचारले तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, नीलगाय मी पाहिली नाही." मी त्याचे गुण कापले आणि वर्गासमोर म्हणालो, "जंगलाच्या काठी राहतोस आणि नीलगाय ठाऊक नाही?" मुले हसली.

आठ दिवसांनी सायंकाळी त्याच मुलाच्या शेतावरून जात असता हरभऱ्यात जनावरांचा कळप शिरलेला दिसला. पुस्तकातील चित्रावरून मी ती ओळखली. मुलगा ओरडत धावला, कळप पिटाळून आला आणि मला म्हणाला, "गुरुजी, हे रोही. रात्रभर जागल करावी लागते यांच्यापायी." नीलगाईलाच तेथे रोही म्हणतात, हे मला माहीत नव्हते. मग त्याने मला शिकविले. निळसर दिसतो तो नर. तांबूस त्या माद्या आणि पिले. शिंगे असतात ती केवळ नराला, आणि तीही आखूड. दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली आणि गुण परत दिले. परंतु तो मुलगा त्यानंतर वर्षभर वर्गात आपण होऊन बोलला नाही. कापलेले गुण परत देता येतात. गेलेला विश्वास तितक्या सहज परत येत नाही.

तेव्हापासून हा पाठ घेताना मी फळ्यावर तीन प्रश्न लिहितो. पहिला, नावातील रंग प्राण्याच्या अंगावर खरोखर आहे काय, आणि असल्यास तो नर, मादी व पिलू या सर्वांच्या अंगावर आहे काय? दुसरा, नावातील 'गाय', 'मासा', 'मुंगी' यांसारखा शब्द त्या प्राण्याचे खरे कुळ सांगतो काय? तिसरा, त्याचे शरीर काय सांगते? पाठीचा कणा, पायांची संख्या, पिसे, पिलांना दूध पाजणे या खुणा मुलांना पाहून वा विचारून ठरविता येतात. या प्रश्नांच्या साहाय्याने आपोआप चार गट पडतात.

पहिल्या गटात नावातील रंग खरा असतो, परंतु अर्धाच. काळवीट हे याचे उत्तम उदाहरण. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीच्या अभयारण्यात काळविटांचा कळप पाहिला, तर त्यात पूर्ण वाढलेले नर तेवढे काळपट दिसतील. माद्या व पिले फिकट तपकिरी असतात. नाव ठेवणाऱ्याची दृष्टी पिळदार शिंगांच्या नरावर खिळली आणि सर्व जातीला त्याचाच रंग मिळाला. नीलगाईचेही तसेच झाले.

दुसऱ्या गटात रंगावरून निराळी जात आहे असा भास होतो. पण जात एकच असते. काळा बिबट्या ही स्वतंत्र जात नव्हे. तो बिबट्याच होय. त्याच्या अंगात काळे रंगद्रव्य अधिक असते एवढेच. उन्हाची तिरीप पडली की त्याच्या अंगावरचे ठिपके दिसू लागतात. पांढरा वाघही वाघच. १९५१ साली रेवा संस्थानाच्या पूर्वीच्या मुलखात एक पांढरा बछडा पकडण्यात आला व त्याला 'मोहन' हे नाव मिळाले. त्याच्या वंशातील पांढरे वाघ पुढे अनेक प्राणिसंग्रहालयांत गेले. आईबाप दोघांकडून तो विशिष्ट गुण आला, तरच पिलू पांढरे होते. एकाच आईची काळी व पांढरी करडे मुलांनी घरी पाहिलेली असतात. तो दाखला दिला की ही गोष्ट त्यांना तत्काळ पटते.

तिसऱ्या गटात रंग ठीक असतो. फसविते ते त्यापुढील नाम. निळा देवमासा हा मासा नव्हे. तो फुप्फुसाने श्वास घेतो आणि त्याची मादी पिलाला दूध पाजते. सुमारे ३० मीटर लांबीपर्यंत वाढणारा हा प्राणी आपल्या गोठ्यातील गाईप्रमाणेच सस्तन आहे. थोर वर्गीकरणकार कार्ल लिनीअस यानेही आपल्या ग्रंथाच्या आधीच्या आवृत्त्यांत देवमासे माशांमध्येच घातले होते. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने ते सस्तन प्राण्यांत आणले. इंग्रजीत ज्याला 'सिल्व्हर फिश' म्हणतात, तो शाळेच्या कपाटातील पुस्तके खाणारा रुपेरी कीटक, म्हणजे आपली कसर. तिला पाय सहा, पंख नाहीत आणि पाण्याशी संबंध नाही. 'व्हाइट ॲन्ट' म्हणजे वाळवी. ती मुंगी नव्हे. तिचे जवळचे नाते झुरळाशी आहे. या दोन्ही ठिकाणी आपली मराठी नावे मुलाला चुकीच्या वाटेने नेत नाहीत, हे अवश्य सांगावे.

चौथ्या गटात रंगाचा निव्वळ भास असतो. तांबट पक्ष्याचे नाव ऐकून मुले त्याला तांबड्यांत घालतात. वस्तुतः तो बहुतांशी हिरवा असतो. कपाळावर व छातीवर मात्र लाल रंग दिसतो. त्याला नाव मिळाले ते त्याच्या 'टुक्, टुक्' अशा एकसुरी आवाजावरून. भांडी ठोकणाऱ्या तांबटाच्या हातोडीची आठवण तो करून देतो. आफ्रिकेतील पांढरा गेंडा आणि काळा गेंडा, दोघेही करड्या रंगाचे. त्यांतील खरा भेद ओठांचा. पहिल्याचा ओठ रुंद असून तो जमिनीलगतचे गवत खातो. दुसऱ्याचा वरचा ओठ टोकदार असून त्याने तो झुडपांची पाने व डहाळ्या ओढून खातो.

आता पुन्हा नीलगाईकडे येऊ. ती गाय की हरिण, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. चितळ व सांबर यांची शिंगे गळून पुन्हा उगवतात. नीलगाईची तशी गळत नाहीत. म्हणून ती त्यांच्या कुळातील नव्हे. गाय, म्हैस, शेळी, काळवीट यांच्या मोठ्या कुळात ती येते, आणि त्यातही काळविटापेक्षा गाईम्हशींना अधिक जवळची आहे. तिचा सर्वांत निकटचा सोयरा म्हणजे आपल्या जंगलातील चौशिंगा. तात्पर्य, 'गाय' हा शब्द सर्वस्वी खोटा नाही आणि सर्वस्वी खराही नाही. विद्वानांचीही येथे धांदल उडाली होती. १७६६ साली पल्लास या शास्त्रज्ञाने तिला जे नाव दिले, त्याचा अर्थ 'बोकड-उंट' असा होतो. पुढे त्याला जोडलेल्या 'बोसेलाफस' या शब्दाचा अर्थ 'बैल-हरिण'. एका जनावराच्या शास्त्रीय नावात चार जनावरे! पंडितांना जेथे अडखळावे लागले, तेथे नऊ वर्षांचे मूल अडखळले तर रागावण्याचे कारण काय?

म्हणून तीन गोष्टी सुचवितो. पाठ सुरू करण्यापूर्वी प्राण्यांची गावातील नावे मुलांकडून विचारून घ्यावीत आणि ती पुस्तकातील नावांशेजारी फळ्यावर लिहावीत. गुराखी, शेतकरी, कोळी यांच्या घरची मुले जे सांगतील, ते प्रथम ऐकावे व मग पडताळावे. आणि 'मी पाहिले नाही' असे मुलाने प्रामाणिकपणे लिहिले, तर गुण कापण्यापूर्वी त्याने काय पाहिले आहे, हे विचारावे.

त्या मुलाने रोही पाहिले होते. मी पाहिले होते ते केवळ चित्र. आपल्या वर्गात असे एखादे मूल गप्प बसले असेल, तर उद्याच्या पाठाचा आरंभ त्याच्यापासून करावा, इतकीच माझी विनंती आहे.