केंद्रकापर्यंत न पोचणारा निरोप

1999 साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठं काम सुरू झालं. तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 निरोगी बायका, गावांचे 52 गट आणि प्रश्न एकच: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कोणत्या तपासणीने कमी होतील? टाटा स्मारक केंद्र, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ते हाती घेतलं.

त्याच वर्षी पॅरिसजवळ गीडो क्रोमर यांच्या प्रयोगशाळेने ‘एआयएफ’ नावाच्या प्रथिनाची ओळख जगाला करून दिली. या दोन कामांचा तसा काही संबंध नव्हता. पण गर्भाशयमुखाच्या एका पेशीत डोकावलं, की तो दिसतो.

एरवी हे एआयएफ तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात, राहून ऊर्जा तयार करायच्या कामाला हातभार लावतं. एआयएफ बनतं मात्र पेशीच्या केंद्रकातल्या जनुकावरून. तंतुकणिकेची स्वतःची जनुकं अवघी 37, त्यामुळे तिथली बहुतेक प्रथिनं बाहेरूनच येतात. केंद्रकातला डीएनए दुरुस्तीपलीकडे तुटला, की पी-53 नावाचं प्रथिन पेशीचं विभाजन थांबवतं आणि पेशीच्या मरणाची तयारी सुरू करतं. तंतुकणिकेच्या बाहेरच्या पडद्याला छिद्रं पडतात. तिथलं सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर येतं आणि कॅस्पेज ही विकरं जागी करतं. एआयएफही सुटतं, थेट केंद्रकात शिरतं आणि तिथे डीएनएचे मोठमोठे तुकडे पडू लागतात. एन्डोन्यूक्लिएज जी हे तंतुकणिकेतलंच आणखी एक प्रथिन ते तुकडे बारीक करतं. सायटोक्रोम सी तर केंद्रकातही सापडलं आहे. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, त्यांची मांडणी करणाऱ्या प्रथिनाला ते तिथे अडवतं.

बिघडलेली पेशी अशी मेली, तर बाई वाचते.

या कर्करोगामागचा एचपीव्ही विषाणू नेमका इथे घात करतो. त्याच्या 16 आणि 18 या घातक प्रकारांचं ई-6 प्रथिन पेशीतलं पी-53च नष्ट करवतं. मग डीएनए कितीही तुटला तरी तंतुकणिकेपर्यंत सांगावा जात नाही, आणि तिथून केंद्रकाकडे निघणारी प्रथिनं जागची हलत नाहीत. मरायला हवी होती ती पेशी वाढत राहते. हे सगळं व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात आणि एवढ्या काळात बाईला काहीच दुखत नाही. म्हणूनच दुखायची वाट पाहणं घातक.

धाराशिवच्या अभ्यासाचा निकाल 2009 साली प्रसिद्ध झाला. एचपीव्ही चाचणीच्या गटात सुमारे 34 हजार बायका होत्या. आठ वर्षांत त्यांच्यातल्या 34 जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात बायका सुमारे 31 हजार, आणि मृत्यू 64. एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या दुसऱ्या गटातल्या बायकांना तपासणीशिवाय का ठेवलं, यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती रास्तच होती. त्या चौसष्ट जणीही कुणाच्या तरी आया होत्या.

आता मुलींसाठी एचपीव्हीवरची लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक 2023च्या जानेवारीत बाजारात आली. मोठ्या बायकांसाठी सौम्य ॲसिटिक ॲसिडची तपासणी आहे. गर्भाशयमुखावर ते लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. संशयाची जागा पांढरी पडते, नर्सला नुसत्या डोळ्यांनी दिसते.

तेव्हा परंडा, भूम, कळंब, उमरगा, कुठेही असा, घरातली बाई तिशी ओलांडलेली असेल तर तिला या तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. तिला काही त्रास होत नसेल तरीही.